क्रिमिनल जस्टिसची पदवी : खर्च किती, कमाई किती आणि प्रवेशाआधी काय तपासावे

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे विहारात मार्गदर्शनाची बैठक होते. अशाच एका बैठकीला एक ताई मुलाला घेऊन आल्या. हातात एका खासगी संस्थेचे रंगीत माहितीपत्रक होते. ‘क्रिमिनल जस्टिस’ची तीन वर्षांची पदवी, वर्षाला सव्वा लाख रुपये फी आणि खाली ठळक अक्षरांत ‘सीआयडी, सीबीआय, फॉरेन्सिक लॅबमध्ये नोकरीच्या संधी’. ताई चार घरची धुणीभांडी करतात. बचत गटाचे कर्ज काढून आणि कानातले गहाण ठेवून पहिल्या वर्षाची फी भरायची त्यांची तयारी होती. त्यांनी एकच विचारले, “दादा, एवढं घातल्यावर पोरगं नोकरीला लागंल का?”

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही भरतीच्या जाहिराती, वेतनश्रेण्या आणि शिष्यवृत्तीचे नियम समोर ठेवून हिशेब मांडला. तो इथे देत आहोत. पोलीस, न्यायालय, तुरुंग, बालसंरक्षण या क्षेत्रांत आपली मुले-मुली मोठ्या संख्येने यावीत असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणूनच त्यांनी कर्जाच्या खड्ड्यात पडून येऊ नये, हेही तितकेच वाटते.

या पदवीत काय काय येते

‘क्रिमिनल जस्टिस’ हे नाव मुळात अमेरिकेतल्या विद्यापीठांतून आलेले आहे. तिथे पोलीस, न्यायालय आणि तुरुंग या तिन्ही यंत्रणांचा एकत्र अभ्यास या नावाखाली होतो. आपल्याकडे हाच अभ्यास वेगवेगळ्या नावांनी विखुरलेला आहे. ढोबळमानाने चार वाटा दिसतात.

पहिली वाट कायद्याची. बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट द्यावी लागते.

दुसरी वाट न्यायसहायक विज्ञानाची, म्हणजे फॉरेन्सिक सायन्सची. राज्य शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. केंद्राचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ गांधीनगरला आहे. 2020 च्या कायद्याने ते उभे राहिले आणि त्याचा एक परिसर गोव्यातही आहे.

तिसरी वाट गुन्हेगारीशास्त्र आणि समाजकार्याची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) गुन्हेगारीशास्त्र व न्याय या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. याच संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून तुरुंग आणि पोलीस ठाण्यांत काम करतो आहे.

चौथी वाट खासगी महाविद्यालयांच्या ‘बी.ए. क्रिमिनॉलॉजी’, ‘बी.एस्सी. क्रिमिनल जस्टिस’ अशा नावांच्या पदव्यांची. ताईंच्या हातातले माहितीपत्रक या चौथ्या वाटेचे होते. सगळ्यात जास्त जपून चालायचे ते इथेच.

पहिला प्रश्न : या पदवीने कोणत्या पदाचे दार उघडते?

फी किती, यापेक्षा हा प्रश्न आधी विचारायचा. माहितीपत्रकावरची पदे एकेक करून पाहू.

पोलीस शिपाई आणि कारागृह शिपाई या पदांना बारावी उत्तीर्ण चालते. पोलीस उपनिरीक्षक पद एमपीएससीमार्फत भरले जाते आणि त्यासाठी कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र असतो. सीआयडी ही राज्य पोलीस दलाचीच शाखा आहे. तिथे पोलीस दलातले अधिकारी बदलीने जातात, बाहेरून थेट ‘सीआयडी ऑफिसर’ होण्याची पदवी अशी काही नसते. सीबीआयमधील उपनिरीक्षक पद कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेतून, म्हणजे एसएससी सीजीएलमधून, भरले जाते. तिथेही कोणतीही पदवी चालते.

न्यायदंडाधिकारी, सरकारी अभियोक्ता किंवा वकील व्हायचे तर एलएलबीच लागते. गुन्हेगारीशास्त्राच्या पदवीवर सनद मिळत नाही. शासनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळांमधील अनेक पदांना फॉरेन्सिकच्या पदवीबरोबर रसायनशास्त्राचे पदवीधरही पात्र धरले जातात. बालसंरक्षण कक्षातील समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ता या पदांना समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र अशा विषयांची पदवी चालते.

म्हणजे ज्या नोकऱ्यांच्या नावाने ही पदवी विकली जाते, त्यांतल्या बहुतेक नोकऱ्यांना ती लागतच नाही. साध्या शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयातून बी.ए. केलेली मुलगीही उपनिरीक्षकाच्या परीक्षेला त्याच रांगेत उभी असते. परीक्षा तीच आणि मैदानही तेच. फरक एवढाच की एकीच्या डोक्यावर तीन-चार लाखांचे कर्ज आहे, दुसरीच्या नाही.

या पदवीला काहीच अर्थ नाही, असे मात्र आम्ही म्हणत नाही. गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान हे दोन्ही नेटचे स्वतंत्र विषय आहेत. ज्याला पुढे संशोधन करायचे, शिकवायचे किंवा तुरुंग आणि बालन्यायाच्या क्षेत्रात झोकून काम करायचे, त्याला या शिक्षणाचा उपयोग होतो. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये मिळतात. पण त्यासाठी विद्यापीठ नावाजलेले लागते, ग्रंथालय आणि मार्गदर्शक चांगले लागतात. दोन खोल्यांत चालणाऱ्या महाविद्यालयातून ते साधत नाही.

खर्चाची चार खाती

आईवडील खर्च म्हटले की फी धरतात. प्रत्यक्षात चार खाती असतात.

*फी.* शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांत ती काही हजारांत भागते. विनाअनुदानित महाविद्यालयात ती कितीतरी पट होते. राष्ट्रीय विधी विद्यापीठात वर्षाला दोन लाखांच्या वर जाते. प्रवेशाच्या वेळी फक्त शिकवणी शुल्क सांगितले जाते. परीक्षा, प्रयोगशाळा, गणवेश, ‘इंडस्ट्री व्हिजिट’ यांचे पैसे नंतर निघतात. म्हणून पूर्ण अभ्यासक्रमाचा एकूण आकडा लेखी मागावा.

*राहणे-खाणे.* पुण्यामुंबईत खाट मिळवायची तर अनेकदा फीपेक्षा हाच खर्च मोठा ठरतो.

*बुडालेली कमाई.* तीन वर्षे शिकणारा मुलगा त्या तीन वर्षांत कमावत नाही. ज्या घरात एकच कमावता हात आहे, तिथे हा खर्च फार मोठा असतो, पण कागदावर तो कुठेच दिसत नाही.

*वय.* पोलीस शिपाई भरतीत खुल्या प्रवर्गाला 28 वर्षांपर्यंत आणि मागास प्रवर्गाला 33 वर्षांपर्यंत संधी मिळते. पदवी, मग पदव्युत्तर, मग पुण्यात क्लास असे करता करता ही वर्षे संपतात. पैसे पुन्हा मिळवता येतात, वयाची अट ओलांडली की ती खिडकी बंद होते. आमच्या ओळखीतली किती तरी हुशार मुले फीमुळे नाही, वयामुळे मागे राहिली आहेत.

आपल्या हक्काच्या योजना

बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राच्या स्तरावर 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या. राज्यात ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असा उल्लेख योजनांमध्ये असतो. हा हक्क लढून मिळवलेला आहे. कागद वेळेवर न काढल्यामुळे तो वाया जाऊ देऊ नये.

*भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती.* कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर फी आणि निर्वाह भत्ता मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्ती, म्हणजे फ्रीशिप, आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की या सवलतीवर पाणी सोडावे लागते. खासगी आणि अभिमत विद्यापीठात फीची प्रतिपूर्ती मिळेलच असे नाही. म्हणून आपले महाविद्यालय आणि आपला अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत दिसतो का, हे प्रवेशाआधी पाहावे.

आणखी एक सूचना. शिष्यवृत्तीतला केंद्राचा हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरायची असते. खात्यात पैसे आले म्हणून घरचे देणे भागवले, आणि शेवटच्या वर्षी महाविद्यालयाने निकाल अडवला, असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत.

*स्वाधार.* भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना 2016-17 पासून आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी रक्कम मिळते. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये, इतर महसूल विभागीय शहरे आणि महापालिका क्षेत्रात 51,000 रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 रुपये असे तिचे टप्पे आहेत. उत्पन्नाची आणि गुणांची अट आहे. आधी समाजकल्याणच्या वसतिगृहासाठी अर्ज करावा.

*बार्टी.* पुण्याची ही संस्था स्पर्धा परीक्षा आणि पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण देते. खासगी क्लासची फी भरण्याआधी बार्टीची जाहिरात पाहण्याची सवय लावावी.

*कर्ज.* 2024 च्या शेवटी केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. त्यात निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकते. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. संस्था या यादीत नसेल, तर तो एक इशाराच समजावा.

या योजना आहेत म्हणून खर्च शून्य झाला, असेही नाही. पैसे उशिरा येतात. टिसमध्ये 2018 साली अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची फी सवलत काढून घेतल्याच्या विरोधात विद्यार्थ्यांनी संप केला होता, तो मुंबईबाहेरच्या परिसरांतही पोचला. शिष्यवृत्ती यायला उशीर झाला तर पहिले सहा महिने कसे काढायचे, याची तजवीज हातात हवी.

कमाई : पदनिहाय चित्र

खालील आकडे सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतनाचे किंवा ठरलेल्या मानधनाचे आहेत. शासकीय पदांना महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता वेगळा मिळतो.

• पोलीस शिपाई : 21,700 ते 69,100 रुपये. बारावी पुरेशी.

• पोलीस उपनिरीक्षक : 38,600 ते 1,22,800 रुपये. कोणतीही पदवी.

• सीबीआय उपनिरीक्षक : 44,900 ते 1,42,400 रुपये. कोणतीही पदवी.

• दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी : सुरुवातीचे मूळ वेतन 77,840 रुपये. कायद्याची पदवी.

• मिशन वात्सल्यअंतर्गत जिल्हा बालसंरक्षण कक्ष : 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विधी-नि-परिविक्षा अधिकारी 27,804 रुपये, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ता 18,536 रुपये, क्षेत्रीय कार्यकर्ता 10,592 रुपये. ही सगळी कंत्राटी पदे.

वकिलीचे चित्र वेगळे आहे. पहिली काही वर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली काढावी लागतात आणि अनेकांना प्रवासखर्चाएवढेच मिळते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. ज्याच्या घरात वकिली आहे त्याला हा काळ जड जात नाही. आपल्या बहुतेक मुलांच्या घरात ते पहिलेच वकील असतात.

न्यायाधीश पदाबाबत एक बदल लक्षात ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालात कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे एलएलबी झाल्यावर लगेच परीक्षा, हा हिशेब धरून चालता येणार नाही. ही तीन वर्षे घर कसे चालेल, हा खर्चाचाच भाग धरावा.

एक दिलासाही आहे. पूर्वी सनद घेताना राज्यांच्या बार कौन्सिल हजारो रुपये घेत असत. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कायद्यात लिहिले आहे त्यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. ते खुल्या प्रवर्गाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये आहे. कोणी जास्त मागितले तर हा निकाल दाखवावा.

न्यायसहायक विज्ञानाची मागणी वाढण्याचे एक ठोस कारण आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) नुसार सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे अपेक्षित आहे. राज्यांना ही व्यवस्था उभारायला पाच वर्षांची मुदत आहे. त्यामुळे माणसे लागणार. पण ती कायम पदांवर घेतली जातील की कंत्राटावर, हे जाहिरातीतच पाहायचे. ‘मागणी आहे’ आणि ‘पगार आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन हिशेब

यातले पगार वर दिलेले आहेत. फी, खर्च आणि व्याजदर आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. तुम्ही तुमचे आकडे घालावेत.

*हिशेब पहिला.* एक मुलगी बी.ए. झाली आहे आणि एका संस्थेत 15,000 रुपयांवर काम करते. ती नोकरी सोडून खासगी महाविद्यालयात गुन्हेगारीशास्त्राचे दोन वर्षांचे एम.ए. करते. फी आणि राहणे मिळून तीन लाख. दोन वर्षांची बुडालेली कमाई 3,60,000. एकूण 6,60,000 रुपये. नंतर तिला बालसंरक्षण कक्षात 18,536 रुपयांचे कंत्राटी काम मिळाले. महिन्याला 3,536 रुपये जास्त, वर्षाला 42,432. घातलेला पैसा परत यायला साडेपंधरा वर्षे लागतील. आणि त्या पदाला तिची आधीची समाजशास्त्राची बी.ए.सुद्धा चालली असती. हाच अभ्यास तिने शिष्यवृत्तीवर, नावाजलेल्या विद्यापीठात आणि पुढे नेटचा विचार ठेवून केला असता, तर हिशेब बदलला असता.

*हिशेब दुसरा.* एक मुलगा कॅप फेरीतून अनुदानित विधी महाविद्यालयात तीन वर्षांची एलएलबी करतो. फीची प्रतिपूर्ती होते. स्वाधार मिळूनही वर्षाला पन्नास हजार पदरचे जातात, म्हणजे तीन वर्षांत दीड लाख. पुढची तीन वर्षे वकिलीत हात तंग राहतो. न्यायाधीश झाला तर पहिल्या दोन महिन्यांच्या पगारातच तो दीड लाख निघतो. पण जागा थोड्या आणि उमेदवार फार. न झाला तर? सनद हातात राहते. विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव पक्ष वकील योजनेत सहायक पदाला तीन वर्षांपर्यंतच्या अनुभवाचे वकील घेतले जातात. विधी-नि-परिविक्षा अधिकारी होता येते. तालुक्याच्या न्यायालयात उभे राहता येते. पहिली निवड हुकली तरी ज्या पदवीवर पोट भरता येते, तिच्यावर पैसा घालायला हरकत नाही.

*हिशेब तिसरा.* घरची मदत नाही, म्हणून पाच लाखांचे शैक्षणिक कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षांची परतफेड. हप्ता सुमारे 8,300 रुपये बसतो आणि एकूण सातेक लाख फेडावे लागतात. शिकत असतानाचे व्याज वेगळेच. 18,536 रुपयांच्या कंत्राटी पगारात हा हप्ता भरून शहरात राहता येईल का, हे कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी आईवडिलांसमोर बसून मोजावे. आमचा साधा नियम असा : पदवीनंतर जे पद *नक्की* मिळण्यासारखे आहे त्याच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा हप्ता मोठा नसावा. स्वप्नातल्या पदाचा पगार हिशेबात धरू नये.

पोलीस भरतीबद्दलही स्पष्ट बोलू. फी नाही, म्हणून तो सोपा रस्ता नाही. 2024 च्या भरतीत राज्यात सतरा हजारांच्या आसपास पदांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे शंभरेक उमेदवार. म्हणून भरतीची तयारी करतानाही मुक्त विद्यापीठातून किंवा जवळच्या महाविद्यालयातून पदवी चालू ठेवावी. शिपाई म्हणून लागल्यावरही पदवीच्या जोरावर उपनिरीक्षकाची परीक्षा देता येते.

परदेशातील पदवीचा विचार

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे आपली मुले आता परदेशी विद्यापीठांत जात आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत असलेल्या विद्यापीठासाठी ती मिळते. मात्र क्रिमिनल जस्टिस हा विषय घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. अमेरिकेत पोलीस आणि तपास यंत्रणांतील बहुतेक नोकऱ्यांना तिथले नागरिकत्व लागते, त्यामुळे शिकून तिथेच त्या क्षेत्रात लागणे अवघड. आणि परदेशी पदवीवर भारतात वकिली करायची तर बार कौन्सिलची मान्यता पाहावी लागते. संशोधन, धोरण आणि मानवी हक्कांच्या कामासाठी हे शिक्षण मोलाचे आहे. शिष्यवृत्ती असेल तर जरूर जावे. स्वतःचे कर्ज काढून या विषयासाठी जाण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

प्रवेशाआधी हे तपासा

1. मला हवे असलेले पद कोणते? त्याची मागच्या वेळची जाहिरात शोधून ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना स्वतः वाचला का?

2. विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का? विधी महाविद्यालयाला बार कौन्सिलची आहे का?

3. अभ्यासक्रम महाडीबीटीवर आहे का? प्रवेश कॅप फेरीतून होतो का?

4. संपूर्ण अभ्यासक्रमाची फी लेखी मिळाली का?

5. मागच्या तीन वर्षांत इथून शिकलेले पाच विद्यार्थी आज काय करतात? महाविद्यालयाने दिलेली यादी न घेता, आपण स्वतः शोधून त्यांच्याशी बोललो का?

6. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला तयार आहे का? वैधतेचा अर्ज बारावीत असतानाच करावा. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला वेगळा काढून ठेवावा.

7. हे पद मिळाले नाही तर या पदवीवर दुसरे काय करता येईल?

सातव्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पैसे भरू नयेत.

मग आपल्या मुलांनी या क्षेत्रात यावे का?

जरूर यावे. देशातील तुरुंगांत 2022 च्या अखेरीस पावणेसहा लाखांच्या आसपास कैदी होते आणि त्यांतले चारांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. त्या कच्च्या कैद्यांत पाचातला एक अनुसूचित जातीचा असतो. तुरुंगाच्या नियमावलीत जातीवरून कामे वाटून दिलेली होती. ती घटनाबाह्य आहेत हे सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 रोजी सांगावे लागले.

कायदा आपल्या बाजूने बरेच काही बोलतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. नव्या संहितेच्या कलम 479 नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर काही गंभीर गुन्हे वगळता त्याला जामीन मिळू शकतो. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये असा नियम आहे. पण ठाण्यात, न्यायालयात आणि तुरुंगाच्या दारात हे ठामपणे सांगणारा माणूस लागतो. वस्तीतल्या बाईचा मुलगा आत गेला की ती आधी एजंटाकडे धावते, कारण वकील तिच्या ओळखीचा नसतो. आपला एक वकील, एक परिविक्षा अधिकारी, एक उपनिरीक्षक वस्तीत असला की हे चित्र बदलते. त्याची किंमत आमच्या कोणत्याही हिशेबात मावत नाही.

बाबासाहेब 1913 मध्ये अमेरिकेला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. शिक्षणासाठी पैसा कुठून येतो आणि बदल्यात काय द्यावे लागते, याचा हिशेब त्यांनाही चुकला नव्हता. पुढे ते बॅरिस्टर झाले, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि 1956 साली त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. कायद्याचे शिक्षण कमी पैशात आपल्या मुलांच्या हाती यावे, ही दूरदृष्टी त्यामागे होती.

त्या ताईंच्या मुलाने शेवटी जवळच्या अनुदानित महाविद्यालयात बी.ए.ला नाव घातले. फी शिष्यवृत्तीतून गेली. सकाळी मैदानावर पळतो, दुपारी महाविद्यालयात जातो आणि पदवीनंतर एलएलबीची सीईटी देणार आहे. कानातले ताईंच्या कानातच आहेत. तो पुढे काय होईल ते आम्ही आज सांगू शकत नाही, पण काहीही झाले तरी तो कर्जबाजारी होणार नाही, एवढे नक्की.

तुमच्या वस्तीत, विहारात किंवा मंडळात अशी माहितीपत्रके फिरत असतील, तर वरचे सात प्रश्न कागदावर लिहून भिंतीवर लावा आणि निकालाच्या आठवड्यात एक बैठक घ्या. एवढ्यानेही काही घरांचे कर्ज वाचेल.

जय भीम.